घड्याळाला किल्ली

पाचशेची नोट घडी करून मी मुठीत धरली होती. जिप्सी मोहर्लीच्या गेटबाहेर थांबली, सगळे खाली उतरून अंगावरची धूळ झटकू लागले, आणि मी ती नोट परत खिशात टाकली. गाईडनं ते पाहिलं. तो काही बोलला नाही. "बरं आहे साहेब, या पुन्हा," एवढं म्हणून त्यानं टोपी काढली, कपाळ पुसलं आणि ड्रायव्हरबरोबर निघून गेला.

कारण एकच होतं. वाघ दिसला नव्हता.

एप्रिलचे दिवस होते. आम्ही सहाजण पुण्याहून ताडोबाला आलो होतो. मी, पत्नी, मेव्हणे, त्यांची पत्नी आणि दोन मुलं. बुकिंग दोन महिने आधीचं. प्रवेश, जिप्सी, गाईड, सगळ्याचे पैसे भरलेले. तिथं गाईड आपण निवडत नाही. पाळीनं ज्याचा नंबर येईल तो गाडीत चढतो. आमच्या वाट्याला आलेला पोरगा पंचविशीच्या आतला, अंगानं काटक, जवळच्याच गावचा होता. मुलांना त्यानं पहिल्या दहा मिनिटांत आपलंसं केलं. रस्त्याच्या कडेचे गोंड राजवटीतले उंच दगडी खांब दाखवले. मधाच्या पोळ्यासाठी चढलेल्या अस्वलानं एका खोडावर ओढलेले ओरखडे दाखवताना गाडी इतकी जवळ घेतली, की मुलांना नखांची खोली दिसावी. ताडोबा तलावाच्या काठी गाळात पडलेली मगर दाखवली. तारू नावाच्या गावप्रमुखाची वाघाशी झुंज झाली, त्यात तो गेला, त्याचं ठाणं या तलावाकाठी आहे आणि त्याच्याच नावावरून ताडोबा, हेही त्यानं सांगितलं. सांगताना हात आपोआप छातीशी गेला.

तेलिया तलावाकडे जाताना सांबराचा इशाऱ्याचा कॉल आला. त्यानं इंजिन बंद करायला लावलं. वीस मिनिटं आम्ही श्वास रोखून बसलो. मुलांनी एकदाही तोंड उघडलं नाही, एवढा त्याचा शब्द मानला होता. काही बाहेर आलं नाही.

नंतर समोरून एक जिप्सी भरधाव आली. तिच्या ड्रायव्हरनं वेग कमी करून आमच्या ड्रायव्हरला सांगितलं, "पाणवठ्यावर आहे. पिल्लं पण." आमच्या ड्रायव्हरचा हात गिअरवर गेला. गाईड वाकून त्याच्या कानाशी काहीतरी बोलला आणि आमची गाडी डावीकडच्या रिकाम्या रस्त्याला लागली. मी हे सगळं पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

गेटवर मात्र लागला, किंवा लागला असं वाटलं. बाकीच्या गाड्यांतली माणसं एकमेकांना कॅमेरे दाखवत होती. "तीन पिल्लं! अगदी रस्त्यात!" मेव्हणे म्हणाले, "आपल्याच नशिबी असला गाईड यावा." मी मान हलवली. नोट खिशात गेली.

दुपारी झोप येईना म्हणून मी चहाच्या शोधात गावाकडे चालत गेलो. टपरीवर तोच पोरगा बसला होता, शेजारी एक म्हातारा. मला बघून पोरगा उठला. "या ना साहेब, बसा. हे माझे आजोबा." आजोबा पंचाहत्तरी ओलांडलेले, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला.

"दिसला का जी?" त्यांनी विचारलं.

"नाही दिसला."

त्यांनी नातवाकडे पाहिलं. "मंग आज याले काही भेटलं नसन."

त्यात टोमणा नव्हता. पाऊस नाही म्हणजे धान नाही, इतक्या सरळपणे ते बोलले होते. माझी मान खाली गेली. नातू घाईनं म्हणाला, "आबा, साहेबांना काहून असं बोलता?" आजोबा हसले. "साहेबांले नाही बोलत. मले घड्याळ आठवलं." आणि त्यांनी मला घड्याळाची गोष्ट सांगितली.

ती समजायला थोडं मागं जावं लागतं. पन्नास-साठ वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात वाघ मारायची सहल विकत मिळत असे. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचं, पण तेव्हा ते ११६ चौरस किलोमीटरच होतं. त्याबाहेर शिकारीचे ब्लॉक होते. वनखात्याकडून ठरावीक मुदतीचा परवाना घ्यायचा, बाकी सगळं शिकार कंपनी बघणार. जीप, तंबू, खाटा, खानसामा, मचाण, आमिषाला रेडे, हाक्याला गावची माणसं. नागपुरात अशा कंपन्या होत्या. विद्याचरण शुक्ल राजकारणात येण्यापूर्वी अशीच एक कंपनी चालवत. आजोबा ज्या कंपनीत कामाला होते ती दुसरी. गिऱ्हाईक बहुतेक परदेशी, त्यात अमेरिकन बरेच. वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली १९७० साली, वन्यजीव संरक्षण कायदा झाला १९७२ साली.

आजोबांचे वडील त्या कंपनीचे शिकारी होते. शिकारी म्हणजे बंदूकवाला नव्हे; बंदूक साहेबाची. माग काढायचा, रेडा कुठल्या झाडाला बांधायचा ते ठरवायचं, मचाण बांधायचं, वारा कुठून वाहतो ते सांगायचं, हे शिकाऱ्याचं काम. आजोबांचा काका त्यांच्या जोडीला. आजोबा स्वतः तेव्हा पोरसवदा. साहेबाचा थर्मास आणि पाण्याची पिशवी वाहायची, ही त्यांची नोकरी.

१९६७ च्या उन्हाळ्यात एक साहेब आला. मनानं मोकळा, हसरा, सगळ्यांच्या पाठीवर थाप मारणारा. पहिल्याच रात्री शेकोटीशी त्यानं मनगटावरचं घड्याळ सोडलं, तंबूच्या खांबाला खिळा होता त्यावर अडकवलं, आणि कंपनीच्या माणसाकरवी सांगितलं, की जो मला वाघ समोर आणून देईल त्याचं हे घड्याळ.

"सोन्याचं होतं का, मले माहीत नाही," आजोबा म्हणाले. "पण शेकोटीत चमके. रोज रात्री आम्ही जेवाले बसलो का समोर ते चमके."

त्या रात्रीपासून मुक्कामातली बोलणी बदलली. एरवी बा, म्हणजे आजोबांचे वडील, आणि काका दोघं मिळून माग बघत. आता काका पहाटे एकटाच निघे. कुठं ओला पंजा दिसला तर परत येऊन साहेबालाच सांगे, भावाला नाही. बा म्हणायचा, थांब, रेड्याला अजून हात लागलेला नाही. काका म्हणायचा, आज बसू. हाकेवाल्यांतही दोन तट पडले. बक्षीस एकाचं, हाका पन्नास जणांचा. कोण कशाला घसा कोरडा करेल?

नवव्या दिवशी रेडा मारला गेला. संध्याकाळी मचाणावर साहेब आणि काका. बा आणि आजोबा लांबच्या झाडावर. उजेड सरत चालला तेव्हा बांबूतून जनावर बाहेर आलं. वाघीण होती. रेड्याकडे न जाता अर्धी आडवी उभी राहून मागं वळून बघत होती. बा पुटपुटला, "मागं काहीतरी आहे तिच्या." आणखी पाच मिनिटं थांबलं असतं तर कळलं असतं. पण पाच मिनिटांनी उजेड राहिला नसता. काकानं साहेबाच्या गुडघ्यावर बोट दाबलं. ती मार म्हणायची खूण.

गोळी पोटात लागली. वाघीण डरकाळी फोडून रायमुनियाच्या जाळीत शिरली आणि सगळं गप्प झालं.

जखमी वाघ तसाच सोडायचा नाही, हा शिकाऱ्यांचा धर्म होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या म्हशींचा कळप पुढं घातला. म्हशींना वास येतो, त्या फुरफुरतात, शिंगं रोखतात, त्यावरून ठिकाण कळतं. म्हशींच्या मागं बंदुका, आणि बंदुकांच्याही पुढं काका. कोणी त्याला सांगितलं नव्हतं. खूण आपण केली, तर पुढं आपणच व्हायचं, एवढं त्याला कळत होतं. म्हशी थबकल्या आणि त्याच क्षणी ती जाळीतून आली. काकाचा उजवा खांदा तिच्या तोंडात होता तेव्हा कंपनीच्या माणसानं तिला गोळी घातली.

ती पडल्यावर बानं तिची कूस पाहिली. थानं भरलेली होती.

साहेब वाईट माणूस नव्हता, हे आजोबांनी मला दोनदा सांगितलं. तो रडला. काकाला स्वतःच्या जीपमध्ये घालून चांद्याच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरचे पैसे भरले. आणि शब्द पाळला. निघताना घड्याळ काकाच्या डाव्या मनगटावर स्वतःच्या हातानं बांधलं.

काका जगला. उजवा हात मात्र खांद्यापासून लोंबत राहिला. कुऱ्हाड गेली, नांगर गेला. घड्याळ डाव्या मनगटावर, आणि त्याला रोज किल्ली द्यायला उजव्या हाताची बोटं लागतात.

"म्हणून मी देत होतो किल्ली," आजोबा म्हणाले. अंगठा आणि तर्जनी जुळवून त्यांनी हवेत बारीकसं काहीतरी फिरवून दाखवलं. "रोज सकाळी. काका हात पुढं करे, मी किल्ली द्यायचो. तो काही बोलत नसे, मीबी नाही. तीन-चार वर्षं चाललं. मंग ते बंद पडलं."

चहा कधीच निवला होता. नातवानं तो फेकून दुसरा आणला.

पुढच्या वर्षी दुसरा साहेब आला. वयानं मोठा, कमी बोलणारा. तोही वाघ मारायलाच आला होता. त्यानं पहिल्या संध्याकाळी कंपनीच्या माणसाला बोलावलं आणि मुक्कामावरच्या एकेकाचं नाव आणि काम लिहून घेतलं. शिकारी, खानसामा, जीपवाला, धोबी, पाणक्या, थर्मास वाहणारा पोरगा. मग तंबूत बसून पाकिटं भरली, चिकटवली, प्रत्येकावर नाव घातलं आणि गठ्ठा कंपनीच्या माणसाकडे दिला. "शेवटच्या दिवशी वाटा." हाकेवाल्यांची रक्कम गावच्या पाटलासमोर मोजून वेगळी ठेवली. खिळ्यावर काही टांगलं नाही.

अकराव्या संध्याकाळी मचाणावर त्याच्या शेजारी बा होता. आजोबा मागच्या फांदीवर, थर्मास पोटाशी धरून. वाघीण आली. उजेड भरपूर होता, अंतर थोडं होतं. साहेबानं बंदूक उचलली आणि बानं नळीवर हात ठेवला. साहेबानं डोळे वटारले. बानं मान हलवली, दोन्ही हात छातीशी नेऊन तान्हं मूल झुलवल्याची खूण केली. वाघीण पाणी पिऊन निघून गेली. तिच्यामागून बांबू हलत गेला. पिल्लं किती होती ते दिसलं नाही.

उरलेल्या तीन दिवसांत दुसरं जनावर आलं नाही. साहेब हात हलवत परत निघाला.

इथं आजोबा थांबले, म्हणून मी विचारलं, "मग त्याला पटलं का तुमच्या वडिलांचं?"

"काहीचं पटलं जी! असा रागावला होता. दोन दिवस एकटा जेवला. बाच्याकडं पाहे ना. जीपमंदी बसतानी रामराम बी नाही केला."

"आणि पाकिटं?"

"पाकिटं सारी भेटली. बाच्या पाकिटातला एक रुपया कमी नाही. बा म्हणे, राग आला त्याले, पण पैसा रागाच्या आधी मोजला होता."

मग ते बराच वेळ समोरच्या मोहाकडे बघत राहिले. म्हणाले, "मी बाले एकदा विचारलं, आदल्या साली मचाणावर काका नसता, तू असता, तर तू नळीवर हात ठेवला असता का? बा म्हणे, घड्याळ खांबाले टांगलं असतं तर माझा हात गेला असता का नाही, मले सांगता येत नाही."

मी हे ऐकलं आणि सकाळची माझी मूठ मला आठवली. मी खिळ्यावर घड्याळ टांगलं नव्हतं, हे खरं. पण नोट मुठीत ठेवून, वाघ दिसतो का ते बघून मग ती द्यायची की नाही ते ठरवणं, हे काय वेगळं होतं? खिळा तोच. मी फक्त तो बोलून दाखवला नव्हता. गाईडला तो दिसत होता, कारण रोज प्रत्येक गाडीत तो ठोकलेला असतो.

गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी, की खुद्द शिकाऱ्यांनी हा प्रश्न आपल्याआधी सोडवला आहे. अमेरिकेत वायोमिंग-मोंटानाच्या डोंगरात आजही एल्कच्या शिकारीला गाईड आणि घोडे घेऊन माणसं जातात. तिथं साधारण रीत अशी, की सहलीच्या खर्चाच्या दहा ते वीस टक्के रक्कम गाईडला शेवटी रोख द्यायची, स्वयंपाक्याची आणि घोडेवाल्याची वेगळी काढायची, आणि जनावर मिळो न मिळो, द्यायची. पहाटे चारला उठून जो तुमच्यासाठी डोंगर चढला त्याच्या श्रमाचे ते पैसे. एल्क त्याच्या खिशात नसतो. आफ्रिकेतल्या शिकारीत माग काढणारा आणि कातडं सोलणारा यांचीही वेगळी दखल घेतात. मारायला जाणाऱ्यांना जे उमजलं, ते नुसतं बघायला जाणाऱ्या आपल्याला उमजू नये, याची मला शरम वाटते.

हे न उमजण्याची किंमत कोण मोजतं तेही आपण पाहिलं आहे. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे बछडे सफारीच्या गाड्यांच्या गराड्यात अडकले. चित्रफीत सगळीकडे फिरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, गाईड आणि चालकांवर निलंबनाची आणि दंडाची कारवाई झाली. ती व्हायलाच हवी होती. पण ज्या मागणीपोटी गाड्या वाघाला घेरतात, ती मागणी गाडीच्या मागच्या बाकांवर बसलेली असते. तिथं मी बसलेला असतो.

नातू इतका वेळ गप्प होता. आता म्हणाला, "साहेब, सकाळी मला माहीत होतं. पाणवठ्यावर पंधरा-वीस गाड्या होत्या. पिल्लं रस्त्याच्या एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला. मधी गाड्या. आपण गेलो असतो तर अजून एक वाढली असती. म्हणून मी ड्रायव्हरला म्हटलं, नको."

"मग आम्हाला सांगितलं का नाही?"

त्यानं जमिनीकडे पाहिलं. "सांगितलं असतं तर तुम्ही 'चल' म्हणाले असते."

त्याचं खरं होतं. मी म्हणालो असतो. मेव्हणे तर नक्कीच.

त्यानं नळीवर हात ठेवला होता, आणि पाकीट आधी भरलेलं नसताना ठेवला होता. त्या कामाचे मी त्याला शून्य रुपये दिले होते, आणि वर मान हलवून तो वाईट गाईड असल्याचं कबूल केलं होतं.

मी नोट काढली. तो घेईना. "आता कशाला साहेब?" आजोबा म्हणाले, "घे रे. सकाळची आहे." तेव्हा त्यानं घेतली. ड्रायव्हरची वेगळी दिली, ती त्यानं वेगळ्या खिशात ठेवली.

रात्री मेव्हण्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि काही न बोलता स्वतःच्या बॅगेतून दोन कोरी पाकिटं काढून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गाडीत वेगळाच गाईड आला, पन्नाशीचा, करड्या मिशांचा. गेट उघडायच्या आधीच मुलांनी एक पाकीट त्याच्या हातात ठेवलं, एक ड्रायव्हरच्या. त्यानं गोंधळून विचारलं, "अजून तर काहीच दाखवलं नाही जी?" मेव्हणे म्हणाले, "तुम्ही सावकाश न्या. गर्दी असेल तिथं नका नेऊ." त्यानं आमच्याकडे एकदा नीट पाहिलं, पाकीट वरच्या खिशात ठेवून बटण लावलं, आणि पहिल्याच वळणावर गाडी थांबवून अर्धा तास आम्हाला रानकुत्र्यांची टोळी दाखवली. एकही दुसरी गाडी तिथं नव्हती.

ताडोबाला, पेंचला, मेळघाटला, नवेगाव-नागझिऱ्याला जाल तेव्हा एवढं करा. गाईडचं शुल्क भरलं म्हणजे झालं असं समजू नका; पाळीमुळे त्याचा नंबर रोज लागतोच असं नाही. जे वर द्यायचं, ते घरून निघण्याआधी ठरवा आणि वाघ दिसला म्हणून वाढवू नका, नाही दिसला म्हणून कमी करू नका. पाकिटं आदल्या रात्री भरा. गाईडचं वेगळं, ड्रायव्हरचं वेगळं.